चित्रातला सूर्य कोणीकडे?

‘सपाट’ हा शब्द मी माझ्या परीक्षणांतून आजवर किती वेळा वापरला असेल, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. कथा सपाट, व्यक्तिरेखा सपाट, गायकाचा सूर सपाट. आम्हां टीकाकार मंडळींना हा शब्द फार सोयीचा. लिहायला अर्धी ओळसुद्धा लागत नाही आणि सिद्ध करून दाखवा असे कोणी म्हणत नाही. पण एखादी गोष्ट सपाट आहे म्हणजे तिच्यात नेमके काय नाही, हा प्रश्न गेल्या भाऊबीजेपर्यंत मला कोणी विचारला नव्हता. तो विचारला माझ्या भाचीने, आणि तोही एका फोटोवरून. त्याचे उत्तर शोधताना माझी जी त्रेधा उडाली, तिचीच ही हकीकत आहे. तिला परीक्षण म्हणायचे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

माझी ताई रबाळ्याला राहते. ठाणे–वाशी रेल्वेवर ऐरोली आणि घणसोली यांच्यामधले हे स्टेशन. २००४ साली या मार्गावर लोकल धावू लागल्या. त्याआधी तिच्याकडे जायचे म्हणजे बस आणि धूळ. रबाळ्याचा भूगोल अगदी सोपा आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी कारखान्यांची वसाहत. पश्चिमेला तिवरांची झाडी आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी. माझे मेहुणे, म्हणजे आमचे दाजी, इथल्याच एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत. “एकदा खाडीवर जाऊ, रोहित पक्षी येतात म्हणे,” असे ते दरवर्षी म्हणत. आठवड्याची सुट्टी झोपेत नाही तर ओव्हरटाइमात जाई. खाडी घरापासून फार लांब नव्हती. तरी ते जाणे राहिले ते राहिलेच. दाजींना जाऊन आता सात वर्षे झाली.

भाचीने ठरवले, की बाबांचे राहिलेले आपण चित्रात पुरे करायचे. फोटोंची जुळवाजुळव ती हौसेने शिकली आहे. दाजींचा उभा, नखशिखान्त असा एकच चांगला फोटो घरात आहे: १९९६ च्या दसऱ्याचा. कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, रात्री फाटकाशी कोणी फ्लॅश लावून फोटो काढले. खाकी गणवेश, हातात डब्याची पिशवी, कपाळावर कुंकवाचा टिळा. त्यातून तिने दाजींना कापून काढले. खाडीचा एक संध्याकाळचा फोटो तिच्याकडे होता, मावळत्या सूर्यासकट. रोहित पक्ष्यांचा थवा एका मित्राने दुरून, मोठ्या भिंगाने टिपलेला होता. आणि आपले रबाळे ओळखू यावे म्हणून स्वतःच्या खिडकीतून काढलेला पारसिक तिने मागे बसवला. कल्पना मोठी सुरेख होती. पाडव्याच्या दिवशी, ज्या दिवशी नवऱ्याने बायकोला ओवाळणी घालायची त्या दिवशी, हे चित्र चौकटीत घालून तिने ताईच्या हातात ठेवले.

ताईने ते बराच वेळ पाहिले. “छान केलंयस हो,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण हे उभे कुठं आहेत गं?” आणि चौकट पदराने पुसून तिने कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मी ओवाळून घ्यायला गेलो, तेव्हा भाचीने मला आतल्या खोलीत नेले आणि संगणकावर ते चित्र उघडले. “मामा, तुम्ही एवढी परीक्षणं लिहिता. आता सांगा, हे इतकं सपाट का दिसतंय?”

चित्र खरोखरच सपाट होते. दाजी खाडीवर उभे नव्हते. खाडीच्या फोटोवर चिकटवलेले होते. भाचीने उपाय केले नव्हते असे नाही. तिने कॉन्ट्रास्ट वाढवला होता. काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे झाले. तिने रंग भडक केले. सूर्य केशरी होता तो शेंदरी झाला. तिने सगळ्या कडा धारदार केल्या. प्रत्येक उपायागणिक चित्र जास्त ओरडू लागले. खोली मात्र बोटभरही वाढली नाही. आमटी बेचव लागली की नवशिकी सुगरण आधी तिखट घालते, तशातलाच हा प्रकार. कमी काय पडले आहे हे न पाहता जोर वाढवला, की चुकीचाही जोर वाढतो.

खरे सांगायचे तर उत्तर मलाही ठाऊक नव्हते. पण टीकाकाराने गप्प बसायचे नसते. म्हणून मी आधी एक सामान्य प्रश्न काढला: सपाट असणे हा चित्राचा दोष आहे तरी का?

आपल्या ठाणे–पालघर भागातले वारली चित्र घ्या. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि रेघ. त्यात क्षितिज नाही, सावली नाही, जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा नियमही नाही. तरी जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताचा तारपानाच पाहिला, की त्याला सपाट म्हणायला जीभ धजत नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती माणसांची साखळी वळत वळत जाते. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या कमरेला. एक माणूस काढून घेतला तर साखळी तुटेल. किंवा दीनानाथ दलालांची चित्रे आठवा. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ सुरू केला, आणि पुढे मराठी घरांत दिवाळी अंक म्हणजे आधी मुखपृष्ठ अशी सवयच झाली. दलालांनी अनेक चित्रांत रंग सपाट पसरले आहेत आणि सारा भार रेषेवर टाकला आहे. तिथेही कोणी उणीव काढत नाही.

म्हणजे खोली नसणे हा काही दोष नव्हे. वारली चित्राने खोलीचे वचन दिलेलेच नसते. भाचीच्या चित्राने ते दिले होते. खाडी खरी, आकाश खरे, माणूस खरा, आणि तो तिथे उभा आहे असे त्या चित्राचे म्हणणे होते. ते म्हणणे चित्रातला कोणताच भाग दुसऱ्याच्या वतीने सांगत नव्हता. दाजींना खाडीची दखल नव्हती, खाडीला दाजींची नव्हती. मला वाटते, चित्रातली खोली रंगांच्या जोराने येत नाही. ती भागाभागांतल्या संबंधाने येते. हा संबंध कुठे तुटला आहे हे मग आम्ही एकेक करून पाहू लागलो. त्यात मला जे समजले ते सांगतो. घरोघरी फोन आहेत आणि घरोघरी फोटो जोडणारी मुले आहेत, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे नजरेची उंची. उभ्या माणसाने सपाट जमिनीवरून फोटो काढला, की क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ती त्याच उंचीवर कापते, मग तो जवळ असो की लांब. कॅमेरा पाच फुटांवर असला तर साडेपाच फुटी माणसाच्या हनुवटीच्या आसपास क्षितिज आले पाहिजे. भाचीच्या चित्रात ते दाजींच्या गुडघ्याशी होते. त्या हिशेबाने दाजी सोळा-सतरा फूट उंच झाले होते! ताईला हे गणित येत नाही, पण डोळ्यांना येते. “हे उभे कुठं आहेत?” या तिच्या प्रश्नात ते सगळे होते.

दुसरे म्हणजे पायांखालची सावली. बूट जमिनीला टेकतो तिथे एक बारीक, गडद रेघ असते आणि ती बाहेर जाता जाता विरते. ती नसली की माणूस तरंगतो. शिवाय सूर्य जितका खाली तितकी सावली लांब. तो क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सावली माणसाएवढी. १० अंशांवर आला तर साडेपाचपटीहून अधिक. चित्रात सूर्य मावळत होता आणि दाजींना सावलीच नव्हती.

तिसरे, काहीतरी पुढे यायला हवे. एक वस्तू दुसरीला थोडीशी झाकते तेव्हा झाकणारी जवळची हे आपण न शिकता ओळखतो. दाजी सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्या बुटांवर गवताची एक काडीही आलेली नव्हती. कोणी काहीच झाकत नसेल, तर माणूस जागेत शिरत नाही, जागेवर बसतो; पाकिटावर तिकीट बसावे तसा.

चौथे, हवा. दूरच्या वस्तूवर मधल्या हवेचा पडदा येतो. ती फिकट, किंचित निळसर होते. तिच्यातला काळा रंग करडा होतो. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास हे आपल्या टिपणांत नोंदून ठेवले. भाचीने डोंगर, पक्षी आणि दाजी या सगळ्यांच्या कडा सारख्याच धारदार केल्या, तेव्हा मधली हवाच काढून घेतली होती.

पाचवे, कागदाचा पोत. १९९६ चा छापील फोटो आता पिवळट झालेला, त्याला बारीक रवा आलेला. खाडीचा फोटो फोनवरचा, काचेसारखा स्वच्छ. शिवाय रात्रीच्या अंधारातून कापल्यामुळे दाजींच्या खांद्यांभोवती काळी किनार राहिली होती. दोन्हींतले काळे आणि पांढरे एका पातळीवर आणायला हवे होते, आणि नव्या फोटोवर थोडा रवा चढवायला हवा होता.

एवढे होईपर्यंत ताई चकल्यांची ताटली घेऊन आत आली. पडद्यावर चित्र होतेच. तिने ते पुन्हा पाहिले आणि सहज म्हणाली, “अगं, सूर्य पारसिकवरून उगवतो ना? हा तिकडं मावळतोय होय?”

आम्ही दोघेही ओशाळलो. पारसिक पूर्वेला, खाडी पश्चिमेला. सूर्य रबाळ्यात डोंगरावरून येतो आणि खाडीत उतरतो. खाडीत बुडणारा सूर्य आणि पारसिक एका चौकटीत येणे शक्यच नाही. एकाकडे तोंड केले की दुसऱ्याकडे पाठ होते. रबाळ्यात सगळे आयुष्य काढलेल्या बाईला ती जागा रबाळे वाटेना, यात नवल ते काय?

फोटो जोडून चित्र करणे ही काही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने इंग्लंडात तीसहून अधिक निगेटिव्हांतून एकच मोठे चित्र जुळवले. पुढच्या वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून एका मरणासन्न मुलीचे चित्र केले: बिछान्यावर मुलगी, जवळ घरातल्या बायका, आणि खिडकीशी पाठमोरा उभा असलेला एक पुरुष. ते पाहून लोक दुखावले. असले घरगुती दुःख कॅमेऱ्याने दाखवावे का, यावर वाद झाला. माझ्या मते तो वाद हीच त्या जोडकामाची पावती. पाच काचांची मिळून एक खोली झाली नसती, तर कोणाला दुःख झाले असते?

आणि आपले दादासाहेब फाळके तर आधी छायाचित्रकार आणि जादूगारही. ‘केल्फा’ असे आडनाव उलटे फिरवून ते जादूचे प्रयोग करीत. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. चित्रपटाच्या आरंभी ते आधी तिचा साधा चेहरा आणि तिचे हावभाव दाखवतात, आणि मग तिचा कृष्ण होतो. कृष्ण कोण आहे हे आपल्याला ठाऊक असते, तरी पुढे कालियाशी झुंज लागली की आपण ते विसरतो. फसवणूक म्हणून केलेली जोड आणि सांगून केलेली जोड यांत हा फरक आहे. आमच्या चित्रात दाजी खाडीवर कधी गेले नव्हते, हे ताईला ठाऊकच होते. तिला फसवायचे नव्हते. तिला क्षणभर विसरू द्यायचे होते.

त्या रात्री भाचीने दुसरे चित्र केले. पारसिक काढून टाकला. क्षितिज हनुवटीशी आणले, सावली घातली, तिवराची एक फांदी बुटांपुढे आणली, पलीकडचा मुंबईचा किनारा धूसर केला. मग राहिला उजेड. सूर्य दाजींच्या पाठीमागे होता. तेव्हा तोंड अंधारात आणि केसांच्या, खांद्यांच्या कडा उजळ असायला हव्या होत्या. फोटोत तर फ्लॅश समोरून आलेला. तिने वेगळ्या थरावर, मऊ कुंचल्याने, हळूहळू चेहरा काळवंडत नेला. चित्रशास्त्राच्या दृष्टीने आता सगळे बरोबर होते आणि दाजी खरोखर खाडीवर उभे दिसत होते. पण ते दाजी नव्हते. गाल आत गेले, डोळ्यांखाली काळोख आला. शेवटच्या आजारपणात ते असेच दिसायचे. भाचीने हात मागे घेतला. “हे आईला नाही दाखवायचं,” ती म्हणाली.

इथे मला माझ्या धंद्यातली एक जुनी चूक दिसली. दोन गोष्टी जुळत नाहीत असे दिसले, की आपण नेहमी दुबळ्या बाजूला वाकवतो. लेखक कथानकासाठी पात्राला वाकवतो. टीकाकार सिद्धांतासाठी लेखकाला. आम्ही सूर्यासाठी दाजींना वाकवीत होतो. वास्तविक दाजींचा फोटो एकच होता आणि सूर्य रोज नवा मिळत होता.

मी म्हटले, “बाळ, चेहऱ्याला हात लावू नकोस. समोरून उजेड येईल अशी वेळ शोध.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “सकाळ.” सकाळी खाडीकडे तोंड करून फोटो काढला, की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, पारसिकच्या बाजूला असतो. उजेड समोरून पडतो, फ्लॅशसारखाच. सावली माणसाच्या मागे, पाण्याकडे जाते. आणि दाजींची निम्मी हयात रात्रपाळीत गेलेली. ते घरी यायचे ते सकाळीच. संध्याकाळ आम्ही केवळ ती चित्रात शोभते म्हणून घेतली होती. संध्याकाळचे खाडीकाठचे दाजी कोणाच्याच ओळखीचे नव्हते.

रोहित पक्षी ठाण्याच्या खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे असतात. २०१५ साली इथे त्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जानेवारीत भाची भल्या पहाटे ऐरोलीजवळच्या काठावर गेली, ओहोटी पाहून. डोंगरावरून ऊन यायची वाट पाहिली आणि बाबांच्या फोटोतला कॅमेरा होता तेवढ्याच उंचीवर फोन धरून फोटो काढला. थवा दूरच होता. दूरच राहू दिला. पाण्यावर एक गुलाबी पट्टा, एवढेच. या चित्रात कॉन्ट्रास्ट पहिल्यापेक्षा कमी होता आणि रंग फिके. समोरच्या उजेडाने चेहरा तसा सपाटच होता. पण आता त्याच उजेडात गवत होते, चिखल होता, पलीकडचा किनारा होता. सगळेच एका सकाळीत होते, त्यामुळे कोणी एकटे पडले नाही.

होळीला मी पुन्हा रबाळ्यास गेलो. चित्र बाहेरच्या खोलीत, ताईच्या खुर्चीसमोर लावले होते. मी तिला काही विचारले नाही. तीच म्हणाली, “दसऱ्याची रात्रपाळी होती ती. टिळा पुसला नव्हता. तसेच आलेत बघ.” आणि चहा टाकायला आत गेली.

तेव्हापासून ‘सपाट’ हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. लिहिणे बंद केले आहे असे नाही. तेवढा मी सुधारणार नाही. पण लिहिण्यापूर्वी आता चार गोष्टी पाहतो. या कथेतली माणसे एकाच जमिनीवर उभी आहेत का? एकाचा भार दुसऱ्यावर पडतो का? कोणी कोणाला थोडे झाकते का? आणि उजेड कोणीकडून येतो आहे? यांपैकी काय तुटले आहे हे सांगता आले, तरच त्या शब्दाला अर्थ आहे. नाहीतर तो टीकाकाराचा आळस.

या दिवाळीत पुष्कळ घरांतून असे फोटो जोडले जातील: परदेशी गेलेला मुलगा फराळाच्या ताटाशी बसवला जाईल, गेलेली आजी नातवाच्या लग्नात उभी केली जाईल. यात मला गैर काही वाटत नाही. फक्त आजीला लग्नात उभे करण्याआधी तिचा फोटो नीट पाहा. त्यात उजेड कोणत्या बाजूने येतो, कॅमेरा किती उंचीवर होता, वेळ कोणती होती, हे तोच फोटो सांगेल. मग मांडवातली जागा त्याप्रमाणे शोधा. आणि चित्र पुरे झाल्यावर टीकाकाराकडे नेऊ नका. त्या माणसाबरोबर जिने संसार केला, तिला आधी दाखवा.